शिक्षेबद्दल काही सांगायचंय?

लेखांक ६

गेल्या आठवड्यात गुन्ह्यांची वर्गवारी पाहिली : दखलपात्र-अदखलपात्र, जामीनपात्र-अजामीनपात्र, तडजोडीने मिटणारे आणि न मिटणारे. पण शिक्षा किती, हे त्यातून कळत नाही. वॉरंटशिवाय अटक करता येते का, जामीन हक्काने मिळतो का, खटला आपसात मिटवता येतो का, एवढंच कळतं. शिक्षा कलमात लिहिलेली असते, तीही बहुतेक ठिकाणी ‘पर्यंत’ या शब्दाने. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत, राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत. या ‘पर्यंत’मध्ये थोडे दिवसही बसतात आणि पूर्ण तीन वर्षंही. नेमकं माप न्यायाधीशांनी घ्यायचं.

ते अंदाजाने घेतलं जाऊ नये म्हणून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने एक मोलाची सोय केली. आरोपी दोषी ठरला की शिक्षेच्या मुद्द्यावर त्याचं वेगळं ऐकून घ्यायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या कोर्टात मी हे ऐकणं पाहिलं. आरोपी एकोणीस वर्षांचा. विहिरीवरच्या मोटारीची केबल तोडून, जाळून त्याने तांबं काढलं होतं. मुद्देमाल टेबलावर होता : काळपट तारांचं एक वेटोळं, त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आणि लाखेचं सील. किंमत तीन हजारांच्या आसपास लावलेली. न्यायाधीशांनी विचारलं, “शिक्षेबद्दल काही सांगायचंय?” पोरगा खाली बघत राहिला. वकील म्हणाले, “साहेब, आईवडील म्हातारे आहेत, कमावणारा एकटाच आहे, पहिलाच गुन्हा आहे, कमीत कमी शिक्षा द्यावी.” दोन मिनिटंही लागली नाहीत. हीच वाक्यं त्या आधीच्या खटल्यातही मी ऐकली होती.

ज्याची केबल गेली तो शेतकरी बाहेर बाकावर बसला होता. त्याला केबलचं एवढं वाटत नव्हतं. “कांदा पोसायच्या वक्ताला आठ दिवस पाणी तुटलं,” तो म्हणाला. “केबल काय, उसनवारी करून आणली. कांदा कुठनं आणू?” हे त्याला आत कुणी विचारलंच नव्हतं.

मला वाटतं, शिक्षा न्याय्य होणं न होणं इथेच ठरतं. फाशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सांगितलं, की गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहिला पाहिजे. पुढे १९८३ मध्ये मिठू खटल्यात दंड संहितेचं कलम ३०३ रद्द झालं. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, असं ते कलम होतं. माणूस पाहायला त्यात जागाच नव्हती. जीव जाण्याच्या प्रश्नावर आलेलं हे शहाणपण केबलचोराच्या खटल्यातही हवं. फक्त तिथे गुन्हेगाराच्या जोडीला ज्याचं नुकसान झालं तो माणूसही दिसायला हवा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. कोवळ्या पोरांना सराईतांच्या बराकीत ढकलण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण मोजली जाते ती चोरलेल्या वस्तूची किंमत. केबल पाच हजारांच्या आत बसते. कांदा त्या हिशेबात येतच नाही.

त्या पोराला कोर्टाने परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सोडलं. मला ते योग्यच वाटलं. १९५८ चा हा कायदा एकवीस वर्षांखालच्या गुन्हेगाराला शक्यतो तुरुंगात धाडू नये असंच सांगतो. मात्र याच कायद्याच्या पाचव्या कलमात, असं सोडताना नुकसानीची वाजवी भरपाई द्यायला लावण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. हप्त्याने का होईना, थोडी भरपाई मिळाली असती. तसा अर्ज कुणी केला नाही.

शेतकऱ्याने आत जाऊन आपलं तांबं मागितलं. अपिलाची मुदत संपल्यावर या, असं कारकुनाने सांगितलं. त्याने तारीख लिहून घेतली आणि एसटी गाठायला निघाला.

(पुढच्या आठवड्यात : नुकसानभरपाईचा अर्ज कधी आणि कसा करायचा)