आमवात: विश्रांती किती, व्यायाम किती?

‘ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस’ म्हणजेच आमवाताचे निदान झाले की घरातील मंडळींची पहिली सूचना ठरलेली असते, ‘आता जरा आराम कर.’ सूचना प्रेमापोटी असते, आणि बोटांचे सांधे सुजले आहेत, सकाळी चहाचा कपही उचलवत नाही, अशा अवस्थेत ती पटतेही. मात्र हा आराम आठवड्यांवरून महिन्यांवर जातो. वर्ष-दोन वर्षांनी औषधांनी सूज आटोक्यात आलेली असते, तरी जिना चढवत नाही आणि खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागतो. या दुर्बलतेला दर वेळी सांधेच जबाबदार असतात असे नाही. तिचा मोठा भाग स्नायूंचा असतो आणि तो टाळता येण्यासारखा असतो.

आपण कोणत्याही सांधेदुखीला सरसकट संधिवात म्हणतो. उतारवयात झिजेमुळे गुडघे दुखतात, तो विकार वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो, आणि पुष्कळदा ऐन कर्तेपणाच्या वयात सुरू होतो. सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून अधिक काळ सांधे आखडलेले राहणे, ही त्याची ठळक खूण.

विश्रांतीचा हा आग्रह एकट्या घरच्यांचा नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकशास्त्राचाही सल्ला तोच होता. रुग्णाला आठवडेच्या आठवडे बिछान्यावर ठेवले जाई, सांधे प्लास्टरच्या पट्ट्यांत बांधले जात. हलवले नाही की सूज कमी होते, हे निरीक्षण खरेच होते. त्याची किंमत मात्र स्नायूंना मोजावी लागे. आमवातात रक्तात फिरणारी दाहकारक द्रव्ये मुळातच स्नायूंचा ऱ्हास घडवतात. वेदनेमुळे सांध्याभोवतीचे स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत, आणि स्टेरॉइड दीर्घकाळ घ्यावे लागल्यास त्यात आणखी भर पडते. वजनाचा काटा तोच आकडा दाखवतो, पण स्नायू घटून त्यांची जागा चरबीने घेतलेली असते. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. हालचालीमुळे तिच्यावर दाब पडतो, सुटतो, आणि भोवतीच्या द्रवातून तिला पोषण मिळते. हालचाल थांबली की तेही मंदावते. आमवाताच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

‘पण व्यायामाने सांधे अधिक झिजणार नाहीत का?’ हा प्रश्न रास्त आहे. नेदरलँड्समध्ये सुमारे तीनशे रुग्णांवर दोन वर्षे याचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सव्वा तास, सायकल, ताकदीचे व्यायाम आणि खेळ असा बऱ्यापैकी जोरकस कार्यक्रम केला. त्यांची कार्यक्षमता आणि मनःस्थिती सुधारली, आणि हातापायांच्या लहान सांध्यांची हानी व्यायामामुळे वाढल्याचे क्ष-किरण चित्रांत दिसले नाही. ज्यांच्या गुडघ्यांसारख्या मोठ्या सांध्यांची आधीच पुष्कळ हानी झाली होती, त्यांच्याबाबत मात्र सावधगिरी सुचवली गेली. पुढे २०१५ मध्ये ब्रिटनमधील ४९० रुग्णांच्या अभ्यासात हातांच्या ठरावीक व्यायामांनी वर्षभरानंतरही हातांचे काम अधिक चांगले होत असल्याचे दिसले. आमवात पहिला घाव घालतो तो बहुधा हातांवरच.

येथे एक नेहमीचा युक्तिवाद ऐकू येतो, विशेषतः गृहिणींकडून: ‘दिवसभर घरात राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?’ राबणे खरे, पण कणीक मळणे, कपडे पिळणे, भरलेली बादली बोटांवर तोलणे यांत सुजलेल्या लहान सांध्यांवर वेडावाकडा ताण येतो. मांड्या, खांदे, पाठ यांच्या मोठ्या स्नायूंना मात्र त्यातून पुरेसे काम मिळत नाही. हृदयाची गतीही म्हणावी तशी वाढत नाही. आमवाताच्या रुग्णाने पिळण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि वाचलेल्या वेळात चालायला जावे, हा व्यवहार घरच्यांना पटवणे औषध लिहून देण्यापेक्षा अवघड असते.

व्यायामाची मात्रा रोजच्या सुजेवर ठरते. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी त्याच्यावर वजन देऊ नये. दिवसातून एक-दोनदा तो सहज जाईल तेवढाच वाकवावा, सरळ करावा. सांधा न हलवता नुसते स्नायू आवळून काही सेकंद धरणे, हा त्या काळातील उपयुक्त व्यायाम. आखडलेपणा असेपर्यंत घाई नको, कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर हालचाल सोपी जाते. सूज ओसरली की मात्र पुढे जायलाच हवे. चालणे, स्थिर सायकल, सोय असल्यास पोहणे, आणि त्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस हलक्या वजनाचे किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम. व्यायामानंतर थोडे दुखणे अपेक्षित आहे. दोन तासांनंतरही नेहमीपेक्षा अधिक दुखत राहिले, तर मात्रा जास्त झाली असे समजून पुढच्या वेळी ती कमी करावी. व्यायामच सोडून देऊ नये.

योगासनांबाबत स्वतंत्रपणे सांगायला हवे. श्वसन, शवासन आणि सांध्यांच्या सौम्य हालचाली बहुतेकांना मानवतात. परंतु हा रोग जुना झाल्यावर काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील बंध सैल होतात. अशांनी शीर्षासन, सर्वांगासन, हलासन केल्यास मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून जुन्या रुग्णाने मानेची तपासणी झाल्याशिवाय ही आसने करू नयेत. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर मुळीच नाही. टीव्हीवरील शिबिर पाहून आसने करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या टोकाची चूकही घडते. व्यायामाने बरे वाटू लागले की गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. प्रतिकारशक्तीचा हल्ला थोपवण्याचे काम मेथोट्रेक्सेटसारखी औषधे करतात, ते व्यायाम करू शकत नाही. औषध थांबले की सूज परतते, आणि तिच्याबरोबर सांध्याची हानीही पुढे सरकते. गोळ्या कमी करायच्या का, हे तज्ज्ञाने रक्ततपासणी आणि सांधे पाहून ठरवायचे असते. व्यायाम पहिल्यांदा शिकताना मात्र फिजिओथेरपिस्टकडे दोन-चार वेळा जावे. सूज पुन्हा उसळून गेल्यावर जुन्या मात्रेवर एकदम न जाता निम्म्यापासून सुरुवात करावी.