भूर्जाची मूठ, चामड्याचे म्यान

गेल्या हिवाळ्यात मॉरिसव्हिलच्या आमच्या गराजमधली ठोकाठोक ऐकून शेजाऱ्यांना वाटले असेल, या गृहस्थाची नोकरी गेली! वाचकहो, नोकरी शाबूत आहे. मी एका चाकूला मूठ बसवत होतो. निवृत्त होऊन मायदेशी परतणाऱ्या माझ्या फिनिश सहकाऱ्याने मला नुसते पाते भेट दिले आणि म्हणाला, "मूठ आणि म्यान तुझे तू कर."

या चाकूला फिनलंडमध्ये 'पूक्को' म्हणतात. पाते जेमतेम बोटाएवढे, धार एकाच बाजूला. लाकूड तासणे, मासा साफ करणे ही त्याची कामे. कोकणातला शेतकरी कमरेच्या लाकडी आकडीत कोयती अडकवतो, तसा तिकडचा शेतकरी पूक्को कमरेला लावीत असे.

मुठीसाठी मी बर्च झाडाची साल निवडली. हे झाड आपल्याला अगदीच परके नाही. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या ते हिमालयातले भूर्ज याच कुळातले, आणि 'बर्च' व 'भूर्ज' हे शब्दही एकाच मुळातून आलेले. सालीचे चौकोनी तुकडे कापून प्रत्येकाच्या मधोमध भोक पाडायचे आणि पात्यामागच्या निमुळत्या दांडीत ते एकावर एक ओवायचे. दोन्ही टोकांना पितळेची चकती. मला ऐंशीच्या वर तुकडे लागले. थप्पी घट्ट आवळून दांडीचे टोक मागच्या चकतीवर हातोडीने ठोकून पसरवले, की सगळे जखडून जाते. मग कानस आणि पॉलिश पेपर घेऊन आपल्या हाताला बसेल असा आकार द्यायचा. ही मूठ ओल्या हातातून निसटत नाही आणि थंडीत धातूसारखी गार लागत नाही.

येथवर सगळे मजेत चालले होते. अडलो ते म्यानापाशी.

आमचे घर कोल्हापूरकडचे. लहानपणी एक वृद्ध चर्मकार वर्षातून एकदा नव्या वहाणा घेऊन येत. ते पायरीखाली थांबत, आणि आजी त्यांच्या ओंजळीत वरून पैसे टाकी. घरात चामड्याला कोणी हात लावत नसे. पायात मात्र सगळे घालत. इतकी वर्षे अमेरिकेत राहून, चामड्याचा पट्टा रोज बांधूनही, तो ओला तुकडा टेबलावर ठेवला तेव्हा माझा हात क्षणभर मागे आला. त्याची मला लाज वाटली.

म्यानाला वनस्पतींच्या सालीने कमावलेलेच चामडे लागते. क्रोमने कमावलेले मऊ चामडे दिलेला आकार धरत नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडेही बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात. हे चामडे कोमट पाण्यात भिजवून चाकूभोवती गुंडाळायचे. त्याआधी चाकूला प्लास्टिक लपेटणे आवश्यक, नाहीतर लोखंड आणि चामड्यातले टॅनिन मिळून काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस यांची शाई होते ती याच गुणामुळे. धारेने टाके कापू नयेत म्हणून आत पातळ लाकडी खोळ बसवतात. शिवण मागच्या बाजूला येते. आरीने भोके पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन सुया प्रत्येक भोकातून समोरासमोर न्यायच्या. अशी शिवण एक टाका तुटला तरी उसवत नाही. वाळताना चामडे आवळते आणि चाकूचा आकार धरते. निम्म्याहून अधिक मूठ आत बसते. बटण लागत नाही, पट्टी लागत नाही.

हे लिहायला सोपे आहे. माझी पहिली दोन म्याने वाकडी झाली आणि बोटाला तीनदा आरी लागली. पायरीखाली उभ्या असलेल्या त्या माणसाच्या हातात केवढी विद्या होती, हे मला तेव्हा कळले.

कोणाला करून पाहायचे असेल तर आमचे गराज उघडे आहे. फक्त चाकू घेऊन मंडळाच्या कार्यक्रमाला येऊ नका. आपले कार्यक्रम शाळेत असतात, आणि नॉर्थ कॅरोलायनात शाळेच्या आवारात चाकू नेणे हा गुन्हा ठरू शकतो.

फिनलंडमध्ये कौहावा नावाचे गाव चाकूंसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या इसाक्की यार्वेन्पा या कारागिराच्या नावाने १८७९ साली सुरू झालेला कारखाना आजही त्याचे नाव मिरवतो. मी हे कौतुकाने मुलाला सांगत होतो. त्याने विचारले, "बाबा, तुमच्या चपला करायचे त्या आजोबांचं नाव काय होतं?"

मला ते ठाऊक नव्हते. आम्ही कधी विचारलेच नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जिल्ह्यांची नावे कागदावर आली. ते एक नाव मात्र मला गावी जाऊन शोधायचे आहे. म्यानावर माझे नाव उमटवायचे ठरवले होते. ती जागा सध्या कोरीच ठेवली आहे.