प्रोसेसरचा वेग आणि धाराशिवचा मे महिना

उत्पादकाने ज्या वेगाची हमी दिलेली असते त्यापेक्षा अधिक वेगाने संगणकाचा प्रोसेसर चालवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि त्यासाठी वेग, व्होल्टेज व तापमान या तिन्हींचा मेळ घालावा लागतो हे त्या विषयावरील प्रत्येक मार्गदर्शिकेत सांगितलेले असते. हा मेळ प्रोसेसरइतकाच तो ज्या खोलीत ठेवला आहे त्या खोलीवर अवलंबून असतो, ही गोष्ट मात्र थंड हवामानाच्या देशांत लिहिल्या गेलेल्या मार्गदर्शिकांत सहसा दुय्यम ठरते. धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो आणि संगणकाच्या खोलीत वातानुकूलन असेलच असे नाही. अशा ठिकाणी खोलीचे तापमान हाच या गणितातला पहिला आकडा मानावा लागतो.

प्रोसेसरचा वेग म्हणजे त्याच्या घड्याळाचे एका सेकंदातील ठोके. मदरबोर्डवरील मूळ घड्याळ साधारणपणे १०० मेगाहर्ट्झचे असते, त्याला गुणकाने गुणले जाते, आणि गुणक ४५ असेल तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ होतो. चिपमधील कोट्यवधी ट्रान्झिस्टरांना बंद-चालू होण्यास अत्यल्प का होईना, पण वेळ लागतो. पुढचा ठोका पडण्याआधी संकेत मुक्कामी पोहोचला नाही तर शून्याच्या जागी एक नोंदला जातो, प्रोग्राम बंद पडतो किंवा पडदा निळा होऊन संगणक पुन्हा सुरू होतो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर चपळ होतात, आणि म्हणूनच वेगामागोमाग व्होल्टेज चढवावे लागते.

खरी किंमत येथे मोजावी लागते, कारण प्रोसेसर कामात असताना त्याला लागणारी वीज वेगाच्या सरळ प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.५ गिगाहर्ट्झ वेगाला १.२० व्होल्ट पुरणारा आणि १२० वॅट वीज घेणारा एखादा प्रोसेसर ४.९ गिगाहर्ट्झवर नेण्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले असे धरल्यास, वेग जेमतेम ९ टक्क्यांनी वाढतो, पण विजेचा खप सुमारे ३८ टक्क्यांनी वाढून १६५ वॅटवर जातो. आणि ही सगळी वीज अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते.

पंखा असो की पाण्याचे शीतक, दोन्ही ही उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात, त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. प्रत्येक वॅटमागे त्याचे तापमान खोलीपेक्षा ०.३५ अंशाने चढते असे मानले, तर वरच्या उदाहरणातील मूळ मांडणीत ते ४२ अंशांनी आणि वाढीव मांडणीत ५८ अंशांनी वर जाते. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना हे आकडे ६४ आणि ८० येतात, म्हणजे दोन्ही निर्धोक. मे महिन्यात तीच खोली ३८ अंशांवर गेली की ते ८० आणि ९६ होतात. मे महिन्याची दुपार प्रोसेसरवर जितका भार टाकते, तितकाच भार या उदाहरणातील संपूर्ण ओव्हरक्लॉकिंग टाकते, आणि दोन्ही एकत्र आले की प्रोसेसर मर्यादेला भिडतो. प्रत्यक्षात स्थिती याहून किंचित वाईट असते, कारण तापलेल्या चिपमधून विजेची गळतीही वाढते.

अनेक प्रोसेसरांची ही मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठताच प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, आणि मग डिसेंबरात मिळवलेले ४.९ गिगाहर्ट्झ मे महिन्यात नेमके जड कामाच्या वेळी हातचे जातात. हा झाला तात्कालिक तोटा. चढे व्होल्टेज आणि चढे तापमान यांच्या संयुक्त माऱ्याने चिपमधील सूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू सरकतात, ट्रान्झिस्टरमधील विद्युतरोधक थर झिजतो, आणि पूर्वी जेवढ्या व्होल्टेजला प्रोसेसर स्थिर होता तेवढे त्याला पुरेनासे होते. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरता आढळली, तेव्हा कंपनीने वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज हे कारण मान्य करून १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखणारी दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली.

बालाघाटाच्या पठारावरील धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असल्याने तेथील हवा थोडी विरळ असते आणि पंख्याचा परिणाम किंचित घटतो, पण ही बाब किरकोळ आहे. धूळ मात्र किरकोळ नाही. शीतकाच्या पात्यांमध्ये बसलेला धुळीचा थर ०.३५ चा आकडा बघता बघता वाढवतो. मराठवाड्यात घरोघरी दिसणारा पाण्याचा कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोली काही अंशांनी उतरवतो आणि तेवढाच प्रोसेसरही उतरतो, मात्र त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, कारण बोअरच्या जड पाण्याचे तुषार सुकल्यावर क्षार मागे ठेवतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा आधारही फारसा उरत नाही. घरातील २३० व्होल्टचा पुरवठा खालीवर होणे हा वेगळा प्रश्न आहे; तो चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस सांभाळतात, प्रोसेसरचे १.२ व्होल्ट मदरबोर्डवरील स्वतंत्र मंडल ठरवते.

१९९८ मध्ये ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर, बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेऊन, ४५० वर चालवता येई, आणि ही दीडपट वाढ जवळपास फुकट होती. आता तसा शिलकी वाव उरलेला नाही, कारण प्रोसेसर थंड असेल तोवर आपोआप वेग वाढवण्याची सोय उत्पादकच देतात. चौदाव्या पिढीतील एक प्रोसेसर कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. ९ गिगाहर्ट्झपलीकडचे विक्रम द्रव हेलियम ओतून झाले आहेत आणि घरगुती वापराशी त्यांचा संबंध नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकातही प्रोसेसरांची उष्णता थेट द्रवाच्या साहाय्याने वाहून नेली जाते, यावरून उष्णतेचा बंदोबस्त किती मूलभूत आहे ते कळते.

म्हणून धाराशिवसारख्या ठिकाणी अधिक लाभाचा मार्ग उलट दिशेने जातो: वेग मूळचाच ठेवून व्होल्टेज थोडेथोडे कमी करावे. एकाच कारखान्यातल्या, एकाच नावाच्या दोन चिपा सारख्या नसतात आणि उत्पादक त्यांतल्या कमकुवत चिपेला पुरेल इतके व्होल्टेज सर्वांना देतो, त्यामुळे बहुतेक प्रोसेसरांत कपातीला जागा असते. वरच्या उदाहरणात १.२० चे १.१२ व्होल्ट करता आले, तर १२० वॅटचे सुमारे १०५ होतात आणि प्रोसेसर पाच अंशांनी निवतो. कपात एका वेळी ०.०२ व्होल्टपेक्षा अधिक नसावी, प्रत्येक पायरीवर प्राइम९५ सारखी कठोर चाचणी निदान तासभर चालवावी, आणि एकही चूक दिसली तर एक पायरी मागे यावे. ही चाचणी मे महिन्यातल्या दुपारी, खोलीचे तापमान मोजून करावी. त्या दुपारी स्थिर राहिलेली मांडणी वर्षभर वापरण्यास हरकत नाही.