चोणकाचं बी कमी झालं? आधी माप बघा!

मंडळी, हाप्यात सोडलेलं चोणकाचं (जिताड्याचं) बी महिन्याभरात घटलं, मेलेलं एकही तरंगताना दिसलं नाही, तर लगेच चोरीचा संशय नको. चोणक जात्याच शिकारी. स्वतःच्या लांबीच्या सुमारे दोन-तृतीयांश भावंड तो सरळ गिळतो; म्हणजे ३ इंची पिल्लू २ इंचीला खातं.

म्हणून आम्ही सांगतो:
👉 बी एकसारख्या मापाचंच घ्या.
👉 पहिले दोन महिने दर आठवड्याला निवड करा. मोठी, मध्यम, बारीक वेगळ्या हाप्यांत ठेवा.
👉 हे काम सकाळच्या गारव्यात, खाद्य देण्याआधी करा.
👉 खाद्य वेळेवर, सगळीकडे पसरून द्या. उपाशी चोणक भावंडांवर तुटून पडतो.

नाहीतर बियाण्याचे पैसे चार मोठ्यांच्या पोटात जातात!