बोट दर्यात, बँक मुलाच्या फोनात



बोट आठ-दहा दिवस दर्यात असते, नाखव्याच्या फोनला रेंज नसते. तोवर डिझेलवाला, बर्फवाला, खलाशांच्या घरचा उचल, हे पैसे देतं कोण? घरातला कॉलेजात जाणारा मुलगा नाहीतर मुलगी. म्हणजे आपल्या बऱ्याच घरांत बोटीचं खातं मुलाच्याच फोनात आहे. पोर फसलं तर खिशातले पाचशे जात नाहीत, अख्ख्या फेरीचे पैसे जातात. म्हणून हे सगळ्यांनी वाचावं आणि मुलांनाही वाचून दाखवावं.

फसवतात कसे?

1) फाईल पाठवून. 'स्कॉलरशिप मंजूर झाली', 'गाडीचं चलन फाटलं' असं सांगून व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते. ती टाकली आणि परवानगी दिली की आपले मेसेज ठगाला दिसतात. ओटीपी कोणाला सांगायचीही गरज उरत नाही.

2) पिन मागून. 'रूमचं डिपॉझिट परत देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाक.' लक्षात ठेवा, पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे गेले.

3) खातं भाड्याने घेऊन. हा प्रकार सर्वांत वाईट. 'तुझं खातं आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला पैसे घे' असं विद्यार्थ्यांना सांगतात. त्या खात्यात दुसऱ्या फसलेल्यांचे पैसे फिरवतात. 2024 मध्ये अशी शेकडो खाती वापरणारी टोळी सुरत पोलिसांनी पकडली. पोलीस आधी येतात ते खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे. खातं गोठतं, आणि मासळीचे पैसे त्याच खात्यात येत असतील तर तेही अडकतात.

घरात काय करावं?

- बोटीचं खातं आणि मुलाचं खातं वेगळं ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमानुसार 10 वर्षांवरील मुलालाही, बँकेच्या अटींनुसार, स्वतः चालवायचं बचत खातं उघडता येतं.
- बोटीच्या खात्याला जोडलेलं सिम साध्या बटणाच्या फोनात घालून घरी आईकडे ठेवा. त्या फोनात एपीके चालत नाही.
- मुलाने घरखर्च द्यायचा असेल तर 'यूपीआय सर्कल' वापरा. बापाच्या खात्यातून मुलगा ठरलेल्या मर्यादेतच खर्च करू शकतो, महिन्याला जास्तीत जास्त 15,000 रुपये. बाप दर्यात असेल तर पूर्ण परवानगीचा प्रकार निवडा, नाहीतर प्रत्येक वेळी बापाचा पिन लागेल.
- एटीएम कार्डावरचे ऑनलाईन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात. लागत नसतील तर बंदच ठेवा.

पैसे गेलेच तर?

नाखवा किनाऱ्याला लागेपर्यंत थांबू नका. जो घरी आहे त्याने लगेच 1930 ला फोन करावा. हिंदी-गुजरातीत बोललं तरी चालतं. खाते नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा 12 आकडी नंबर हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तर परत मिळण्याची आशा असते. त्यानंतर बँकेला कळवा आणि तक्रार नंबर लिहून घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या नियमाप्रमाणे, आपली चूक नसताना पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून 3 कामकाजी दिवसांत कळवलं तर नुकसान आपल्यावर येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण त्यानंतर गेलेलं बँकेचं. म्हणून चूक झाली असली तरी लगेच कळवण्यात फायदाच आहे.

शेवटचं, आणि महत्त्वाचं. पोरं बापाच्या भीतीने दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. बोट सुटायच्या आधीच त्यांना सांगून ठेवा: 'काही झालं तर आधी 1930, मग आईला सांग. रागावणार नाही.' रागवायचंच असेल तर पैसे अडवल्यावर रागवा.

शंका असेल तर मुलांना घेऊन संस्थेच्या कार्यालयात या. फोनमधल्या सेटिंग आम्ही बसून दाखवू. पिन मात्र आम्हालाही सांगू नका.

आपला,
सचिव