गाडीचा एसी गार का होत नाही?

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि गाडीचा एसी नेमका तेव्हाच कोमट वारा फेकू लागतो. मग सल्ला ठरलेला: ‘गॅस भरून टाका.’ घाई करू नका. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत किंचित झिरपतो, पण एका उन्हाळ्यातच कमी झाला, तर गळती आहे हे नक्की.

आधी लक्षण बघा. पुणे महामार्गावर गार आणि सात रस्त्याला गर्दीत थांबलं की कोमट, असं होत असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्या. गॅस केबिनमधली उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि रेडिएटरपुढच्या या जाळीत तो उष्णता सोडून द्रव होतो. बाहेरची हवाच तापलेली, जाळीत धूळ नि किडे, त्यात पंखा बंद. मग उष्णता जाणार कुठे? धावत्या गाडीला निदान समोरून वारा मिळतो. जाळी हलक्या धारेनं धुवा, पंखा फिरतो का ते पाहा.

वाराच कमी येत असेल, तर केबिन फिल्टर तुंबला असेल. तो बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. वारा भरपूर पण कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर फ्यूज, रिले तपासून घ्या. गॅस फार कमी झाला, तरी सुरक्षा स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस हवेत गेला, तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो. म्हणून मेकॅनिकला आधी गळती शोधायला सांगा, गॅस मगच भरून घ्या.