उणे १२५ ची तीस वर्षं

१९९७ च्या जूनमध्ये ‘ॲनल्स ऑफ प्लास्टिक सर्जरी’ या अमेरिकी नियतकालिकात दोन लेख पाठोपाठ छापून आले. लेखक होते नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचे प्लास्टिक सर्जन लुई अर्जेंटा आणि त्यांचे सहकारी मायकल मॉरिक्वास. पहिल्या लेखात डुकरांवरचे प्रयोग होते, दुसऱ्यात माणसांच्या तीनशे जखमा. जखमेत स्पंज बसवायचा, वरून पारदर्शक चिकट पडदा लावून ती हवाबंद करायची आणि नळीतून आतली हवा नि पाझर सतत ओढत राहायचं, एवढीच युक्ती. तीनशेपैकी २९६ जखमांनी चांगला प्रतिसाद दिला, असं त्यांनी लिहिलं. यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी १९९५ मध्येच मिळाली होती. पण जगभरच्या सर्जनांच्या डोक्यात ते शिरलं या लेखांनंतर. आपल्याकडेही ‘व्हॅक लावलाय’ (व्हॅक म्हणजे हेच व्हॅक्यूमचं यंत्र) हे वॉर्डातलं रोजचं वाक्य झालं.

ओढून घेण्याची कल्पना काही नवी नाही. सुश्रुताने रक्त काढण्यासाठी गायीचं शिंग, जळू आणि भोपळा सांगितला आहे, आणि शिंगं-तुंबड्या घेऊन फिरणारे वैदू महाराष्ट्रातल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत. जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेचे पेले लावून रक्तपुरवठा वाढवण्यावर पुस्तकच लिहिलं. पण उघडी जखम दिवसेंदिवस बंद ठेवून तिच्यावर ठरावीक ओढ धरून ठेवायची, हे काम १९८० च्या दशकातलं. सोव्हिएत सर्जनांनी पू झालेल्या जखमांवर ते केलं, पण रशियन भाषेतले ते लेख पश्चिमेत फारसे कुणी वाचले नाहीत. १९८९ मध्ये अमेरिकेत चॅरिकर आणि जेटर यांनी पोटाच्या फिस्टुलावर ओलं गॉज, चपटी ड्रेन आणि सक्शन वापरल्याचं लिहिलं. १९९३ मध्ये जर्मनीच्या उल्म शहरातल्या विम फ्लायशमान यांनी हाड उघडं पडलेल्या फ्रॅक्चरच्या पंधरा रुग्णांवर स्पंज आणि व्हॅक्यूम वापरला. अर्जेंटांनी या सगळ्याला एक यंत्र दिलं, एक आकडा दिला, आणि मागे एक कंपनी उभी राहिली.

आकडा होता उणे १२५. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा पाऱ्याचे १२५ मिलिमीटर कमी दाब. डुकरांच्या जखमांवर लेझर डॉप्लरने रक्तप्रवाह मोजला, तेव्हा या दाबाला तो चौपट झालेला दिसला, आणि ४०० च्या पुढे उलटा घटला. सतत ओढ दिली तर साध्या ओल्या ड्रेसिंगपेक्षा ६३ टक्के जास्त नवं मांस आलं. पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असं केलं तर १०३ टक्के. गंमत अशी की ही दुसरी, जास्त गुणाची पद्धत वॉर्डात फारशी टिकलीच नाही. दर सात मिनिटांनी स्पंज आवळला की रुग्ण कळवळतो, आणि बंदच्या वेळात पाझर साचून सील सुटतं. म्हणून सतत चालू, १२५ वर, हाच रिवाज पडला. डुकराच्या पाठीवर ठरलेला आकडा माणसाच्या टाचेला, पोटाला, पाठीच्या बेडसोरला सरसकट लागू झाला. चॅरिकर-जेटर यांच्या गॉजच्या पद्धतीत दाब ६० ते ८० च्याच घरात असे, हे मागे पडलं.

या उपचारावर देखरेख कशी होते ते ड्रेसिंग बदलताना उभं राहून पाहावं. ४८ ते ७२ तासांनी ड्रेसिंग काढायचं असतं. अनुभवी सिस्टर आधी यंत्र बंद करतात, नळीतून सलाईन सोडतात आणि वीसेक मिनिटं थांबतात. तिसऱ्याचा चौथा-पाचवा दिवस झाला असेल तर नवं मांस स्पंजच्या भोकांत शिरलेलं असतं, ओढलं की ठिपक्याठिपक्यांनी रक्त येतं. मग स्पंजचे तुकडे मोजायचे. बसवताना किती घातले तो आकडा पडद्यावर मार्करने लिहिलेला असतो, तेवढेच बाहेर यायला हवेत. एखादा तुकडा खोल खळग्यात राहिला तर महिन्याभराने तिथूनच पू येतो, आणि तोवर वरची कातडी मिटलेली असते. मग तळ बघायचा. लालबुंद, दाणेदार असेल तर उत्तम. फिकट असेल तर रक्त पोहोचत नाही किंवा अंगात हिमोग्लोबिन नाही. काळपट, जांभळट दिसला तर दाब जास्त होतोय किंवा आत काही सडतंय. वास घ्यायचा. कडेच्या कातडीवर पांढरट ओल आहे का ते पाहायचं. नवा स्पंज जखमेच्या मापाचा कापायचा, आणि तो जखमेवर धरून कधीच कापायचा नाही, कारण चुरा आत पडतो. शेवटी कस लागतो सीलचा. जांघ, पायाची बोटं, गुदद्वाराजवळची जागा इथे बारीक फट राहतेच, आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. तिथे स्टोमा पेस्ट भरून फट बुजवणाऱ्या सिस्टरची बोटं कुठल्याही सेन्सरपेक्षा मोलाची असतात. सगळं नीट जमलं की स्पंज मनुक्यासारखा सुरकुतून कडक होतो.

यातलं यंत्राला काय कळतं? दाब किती, गळती आहे का, नळी तुंबली का, डबा भरला का, बॅटरी किती उरली, किती तास चाललं. हे सगळं त्याला फार चांगलं कळतं, आणि गेल्या तीस वर्षांत उत्तरोत्तर अधिक चांगलं कळू लागलं आहे. जखमेविषयी मात्र त्याला जवळपास काहीच कळत नाही. माझ्या मते या उपचाराच्या इतिहासातल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे: पडद्यावर हिरवा दिवा दिसला की सगळे निश्चिंत होतात.

आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत तो दिवाही पुष्कळदा नव्हता. कंपनीचं यंत्र भाड्याने, डबा नि स्पंज दरवेळी नवा, आणि रुग्ण शेतमजूर. मग सर्जनांनी जुगाड केला. बाजारातला स्पंज कापून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचा, त्यात रायल्स ट्यूब खोचायची, वरून चिकट ड्रेप, आणि नळी भिंतीवरच्या सक्शनला. अशा जुगाडाच्या व्हॅकवर भारतीय सर्जनांनी नियतकालिकांतून बरंच लिहिलं आहे आणि निकाल वाईट नाहीत. पण भिंतीचं सक्शन वर-खाली होतं, ते गजर देत नाही आणि शेजारच्या खाटेला लागलं तर काढूनही नेलं जातं. अशा वॉर्डात देखरेख करतो तो रुग्णाचा भाऊ नाहीतर सून. ‘स्पंज फुगला की हाक मारा’ एवढं सांगितलेलं असतं आणि ते इमानेइतबारे मारतात. परदेशातही स्वस्त उपायाचा शोध चालू होता. एमआयटीच्या डॅनिएल झुरोव्हचिक यांनी वीज न लागणारा, भात्यासारखा हाताने दाबायचा प्लास्टिकचा पंप बनवला आणि २०१० च्या भूकंपानंतर तो हैतीत नेला. त्यांच्याही डोकेदुखीचं कारण पंप नव्हता. हवा ड्रेसिंगच्या फटीतूनच शिरत होती.

श्रीमंत देशांत यंत्र घरी गेलं, आणि तिथे ठेच लागली. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा काढला: दोन वर्षांत सहा मृत्यू आणि ७७ इजा. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यात आणखी सहा मृत्यू आणि ९७ इजांची भर पडली. सगळ्यांत घातक होता रक्तस्राव. मोठ्या रक्तवाहिनीजवळची जखम, रक्त पातळ करणारी गोळी चालू, आणि पंप शांतपणे ओढतोय. जंतुसंसर्ग आणि आत राहिलेले स्पंजचे तुकडे यांच्याही तक्रारी होत्या. मृत्यू बरेचसे घरी किंवा दीर्घकाळ शुश्रूषा देणाऱ्या संस्थांत झाले होते. कुणाला हा उपचार द्यायचा, घरचा माणूस रक्त ओळखू शकतो का, ओळखल्यावर त्याने काय करायचं, हे प्रश्न त्यानंतर कागदावर आले. इतक्या उशिरा यावेत याचं मला आजही नवल वाटतं.

जखम मोजण्याची कथा याला समांतर, पण गरिबीची. पट्टीने लांबी गुणिले रुंदी, किंवा पारदर्शक प्लास्टिकवर पेनाने कडा गिरवायची. खोली मोजायला निर्जंतुक काडी. २००३ मध्ये शीहान आणि सहकाऱ्यांनी मधुमेही पायांच्या जखमांचा अभ्यास करून दाखवलं की चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याहून अधिक घटलं तर बारा आठवड्यांत बरं होण्याची आशा ५८ टक्के, नाहीतर अवघी ९ टक्के. एवढं साधं, बिनपैशाचं मोजमाप आणि एवढं बोलकं. तरीही केसपेपर उघडून पाहा: ‘जखम भरत आहे’, ‘ड्रेसिंग केले’, ‘व्हॅक चालू’. आकडा क्वचितच. न्यूझीलंडच्या एका कंपनीने लेझरच्या रेषांनी क्षेत्रफळ आणि खोली मोजणारा कॅमेरा आणला. आता मोबाइलच्या ॲपमधूनही मापं निघतात. पण ड्रेसिंग उघडल्यावर प्रत्येक वेळी त्याच अंतरावरून, त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायच्या शिस्तीला साधा मोबाइलही पुरतो.

या शिस्तीची किंमत पुढे चाचण्यांमध्ये कळली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मधुमेहामुळे पायाचा भाग कापलेल्या १६२ रुग्णांचा अभ्यास आला. सोळा आठवड्यांत व्हॅकच्या गटात ५६ टक्के जखमा मिटल्या, दुसऱ्या गटात ३९. २००८ च्या ३४२ रुग्णांच्या अभ्यासात हे प्रमाण ४३ आणि २९ टक्के. उत्साह होता आणि तो फुकाचा नव्हता. पण मग हवा उतरू लागली. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४६० रुग्णांच्या चाचणीत पायाच्या उघड्या फ्रॅक्चरमध्ये वर्षभरानंतर व्हॅक आणि साधं ड्रेसिंग यांत फरक दिसला नाही. २०२० मध्ये तिथेच १५४८ रुग्णांवर, हाडांच्या शस्त्रक्रियेनंतर टाके घातलेल्या जखमांवर, तोच निष्कर्ष. त्याच वर्षी जर्मनीतल्या ३६८ मधुमेही पायांच्या चाचणीत सोळा आठवड्यांत मिटलेल्या जखमा होत्या १४.६ आणि १२.१ टक्के. हे आकडे २००५ च्या शेजारी ठेवले की धक्का बसतो. चाचणी करणाऱ्यांनीच कारण नोंदवलं आहे: नोंदी अपुऱ्या राहिल्या आणि उपचारही मार्गदर्शक सूचनांप्रमाणे झाला नाही. जर्मनीसारख्या काटेकोर देशात हे घडतं, तर आपल्याकडच्या तालुक्याचं काय सांगावं!

धंदा मात्र तेजीत होता. २०११ पासून डबा नसलेले, खिशात मावणारे, उणे ८० वर चालणारे एकदाच वापरायचे पंप आले. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१९ मध्ये जोखमीच्या रुग्णांच्या टाक्यांवर त्यांची शिफारस केली. मूळ यंत्राची कंपनी त्याच वर्षी थ्रीएमने ६.७ अब्ज डॉलरला घेतली आणि २०२४ मध्ये ती सोल्व्हेंटम या वेगळ्या काढलेल्या कंपनीत गेली. या सगळ्यात आपापली तुंबडी ज्यांनी भरायची त्यांनी भरून घेतली. दरम्यान यंत्रात सिम कार्ड बसलं. रुग्णाने दिवसात किती तास पंप चालवला हे दूरवरच्या केंद्रात दिसतं, तास कमी पडले की फोन जातो. मला याचं कौतुक आहे. उपचार बंद पडून ड्रेसिंग तसंच राहणं हा खरा धोका आहे आणि तो यामुळे टळतो. पण पंप चोवीस तास चालला आणि जखम एक मिलिमीटरही घटली नाही, तरी त्या केंद्रातल्या पडद्यावर सगळं आलबेलच दिसणार.

सुश्रुताने भरून येणाऱ्या व्रणाची खूण सांगितली आहे ती अशी: कडा पारव्याच्या रंगाच्या, पाझर थांबलेला, तळ घट्ट. व्हॅकच्या काळातही पहिल्यांदा बघायचं ते हेच. त्यात आज भर घालायची ती पट्टीची आणि तारखेची. दोन आठवडे झाले आणि माप हललं नाही, तर दाब बदलत बसू नये. साखर, रक्तपुरवठा, हाडातला जंतुसंसर्ग आणि पायावर पडणारं वजन तपासावं. न भरणाऱ्या जखमेचं कारण बहुतेक वेळा या चारांत सापडतं.

आणि घरी यंत्र घेऊन आलेल्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नळीत किंवा डब्यात लालभडक रक्त दिसलं तर यंत्र लगेच बंद करा, ड्रेसिंग न काढता वरून हाताने दाबून धरा आणि रुग्णालय गाठा. यंत्र दिवसातून दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर स्पंज तसाच ठेवू नका, त्याच दिवशी काढून साधं ड्रेसिंग करून घ्या. आणि प्रत्येक ड्रेसिंगला विचारा: आत किती तुकडे घातले, किती काढले, आणि मागच्या वेळेपेक्षा जखम किती सेंटिमीटरने कमी झाली. उत्तर तोंडी ऐकून परत येऊ नका, केसपेपरवर लिहून घ्या.